लॅबला गेलेला डबा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पुण्यातल्या बहिणीपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता तर सांगितलं नसतं, हेही आधीच कबूल करून टाकते.

मी बाई भारी शिस्तीची. मानेसरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, वीस वर्षं झाली. रोज दिल्लीतल्या मयूर विहारहून मेट्रोनं गुडगाव, तिथून कंपनीची बस. दुसऱ्यांच्या कामातली खोट काढणं हा माझा पगारी धंदा. घरीही तेच चालतं, असं नवरा म्हणतो. भाजीवाल्यानं एक किडकी भेंडी टाकली तर मी चार मजले उतरून परत देऊन येते. अशा बाईनं काय लपवलं असेल, नाही का?

कुठून सुरू करू? खरं तर ईरापासून करायला हवं. पण तिचं नाव लिहिलं की हात अडतो. कारखान्यापासून करते — ते सोपं आहे.

आम्ही गाड्यांच्या आतले प्लास्टिकचे भाग बनवतो. नऊ वर्षांपूर्वी काम थंडावलं होतं, मशीनं रिकामी पडून होती, म्हणून साहेबांनी मुलांच्या जेवणाच्या डब्यांची एक ऑर्डर घेतली. प्लास्टिकचा कच्चा माल बारीक मण्यांसारखा येतो, इकडे सगळे त्याला ‘दाना’ म्हणतात. एक नवा दाना, आणि एक जुना, स्वस्तातला — भंगारातले टीव्ही, कॉम्प्युटर यांची कवचं पिसून केलेला. त्या कवचांत आग लागू नये म्हणून रसायनं घातलेली असतात. टीव्हीत ती असायलाच हवीत. पण गरम वरणभाताखाली? वाढत्या मुलांच्या मेंदूला, त्यांच्या शिकण्याला ही रसायनं बाधू शकतात, हे मी वाचलेलं होतं. आमच्याकडे ते वाचणारी मी एकटीच होते.

डबे जुन्या दान्याचे झाले. रंग गडद निळा ठेवला, कारण गडद रंगात सगळं खपून जातं. बाहेरच्या लॅबला तपासणीसाठी चार डबे जायचे होते. साहेब जाता जाता एवढंच म्हणाले, “मीनलजी, सैंपल ज़रा देख के भेजना.” धमकी नाही, दरडावणं नाही. मला कळलं. मी चार डबे नव्या दान्याचे वेगळे बनवून घेतले आणि तेच पाठवले. रिपोर्ट झकास आला. कागदावर माझी सही होती — स्वच्छ, ठसठशीत.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही झाली. ‘असं सगळीकडेच चालतं’ म्हणून ही गोष्ट मी तेव्हा पचवली होती. लाज वाटली, पण पचवली.

त्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांच्या स्पर्धांसाठी बक्षिसं हवी होती. वीस-पंचवीस मराठी घरं आमची, आणि प्रत्येकानं आपापल्या ऑफिसातून काहीतरी आणायचं, हा रिवाजच. कुणी सरकारी डायऱ्या आणतं, कुणी पेनं. मी दर वर्षी रिकाम्या हातानं जायची. त्या वर्षी साहेबच म्हणाले, ले जाइए. मी नको म्हणू शकत होते. पण मला मिरवायचं होतं हो — एवढं साधं कारण. तीस डबे नेले. आरतीनंतर माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या, आणि मी हात जोडून उभी.

माझ्या ओजसलाही एक मिळाला. घरी येताच तो मी त्याच्या हातातून काढून घेतला. “कडेला ओरखडा आहे रे याला, स्टीलचाच बरा,” म्हटलं आणि डबा कचऱ्यात टाकला. तो रडला. मी ढिम्म.

म्हणजे मला माहीत होतं. आपल्या पोराला वाचवण्यापुरतं नक्की माहीत होतं. उरलेल्या एकोणतीस मुलांची नावंही मला पाठ होती. सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाकली असती तर भागलं असतं — डबे वापरू नका, माल खराब आहे. पण मग विचारलं असतं ना, तुला कसं कळलं? मग सही आली असती, नोकरी आली असती, टाळ्या परत घ्याव्या लागल्या असत्या. ती ओळ मी टाकली नाही.

आता ईरा. खालच्या मजल्यावरच्या शलाकाची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. श्लोक म्हणून बक्षीस मिळवलेली. तो डबा तिला इतका आवडला की घरीसुद्धा ती त्यातच जेवायची. शलाका मला कौतुकानं सांगायची, “ताई, एकदम मजबूत आहे यार तुझा डबा. मायक्रोवेव्हमध्ये पण बिल्कुल चालतो.” मी ईराच्या वाढदिवसाला स्टीलचा डबा दिला — माझ्या मते केवढं धाडस! चार दिवसांनी शलाका म्हणाली, झाकण तिला उघडत नाही गं. निळा डबा पुढे तीन वर्षं चालला.

पहिलीत ईराची अक्षरं टिकेनात. आज शिकवलेलं उद्या पुसलेलं. दोन गोष्टी सांगितल्या तर दुसरी हरवायची. शाळेतून चिठ्ठ्या यायला लागल्या. कुणीतरी शलाकाला सांगितलं, घरात मराठी, खाली पार्कात हिंदी, शाळेत इंग्रजी — पोर गोंधळलं असणार. ती माझ्याकडे आली. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाली, “ताई, तू सायन्सवाली. तूच सांग, मी हिच्याशी मराठी बोलते म्हणून होतंय का हे?”

मी म्हटलं, “असू शकेल. एकच भाषा ठेव. हिंदीच ठेव.”

हे ते. सहा वर्षं कुणालाच न सांगितलेलं ते हे.

डब्यामुळेच ईरा मागे पडली का? मला ठाऊक नाही. कुणी डॉक्टरही तसं छातीठोक सांगू शकणार नाही, मुलं किती कारणांनी मागे पडतात. पण डब्यात काय होतं ते मला ठाऊक होतं आणि ते मी सांगितलं नाही. भाषेबद्दल मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते मात्र मी ठामपणे सांगितलं. डॉक्टरांना सांगता येईल अशी एक माहिती त्या आईला माझ्याकडून मिळायला हवी होती. तिला मिळाला दोष — तिचा स्वतःचा.

शलाकानं ऐकलं. त्या दिवसापासून आपल्याच लेकीशी ती अडखळत हिंदीत बोलते. मनापासून रागवायचं झालं की मराठी शब्द तोंडाशी येतो, आणि ती तो गिळते. मी समोर बसून ते बघितलेलं आहे. ईराला आता मराठी कळत नाही. अक्षरंही सुधारली नाहीत.

मी तिला आठवड्यातून तीनदा गणित शिकवते. पाच वर्षं झाली. सोसायटीत माझं नाव निघतं त्यामुळे. ईरा गुणी आहे, चुकलं की माझ्याकडे बघून हसते आणि “सॉरी आंटी” म्हणते. ते ‘सॉरी’ मला सहन होत नाही, तरी मी पुढचं गणित घालते.

गेल्या रविवारी तिला न्यायला शलाका आली. ईरा चपला घालत होती. शलाका हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाली, “पहिली वर्षं मीच मराठीचा हट्ट धरला ना, ताई. चूक माझीच होती.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “सोड ना आता. आई आहेस तू, तुला काय माहीत असणार होतं?”

मी तिला माफ केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “थँक यू ताई,” ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून जिना उतरून गेली.