आमच्या घरात कुणालाच नाही

रूपाला घड्याळ नीट कळत नाही, हे पुंडलिकनगरच्या त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. कुठं जायचं असलं की ती चांगली तासभर आधी जाऊन बसायची. "एवढ्या लवकर?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "घरी काय काम होतं?" काम तर ढीगभर असायचं. भाऊ गोकुळ वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला, वहिनी मोनिका पतसंस्थेत, आणि त्यांची एकुलती एक श्रेया. सकाळचे डबे, धुणंभांडी, नळाला पाणी यायच्या दिवशी टाक्या आणि बादल्या भरून ठेवणं, सगळं रूपाच्या अंगावर. सासरहून परत आल्यावर काही वर्षं ती गावी, कन्नडला, आईबापाजवळ राहिली. श्रेया झाल्यावर गोकुळनं तिला इकडं आणली. "मी आणली तिला," असंच तो पाहुण्यांना सांगायचा.

कन्नडच्या शाळेत रूपा वाचायला पटाईत होती. मराठीचा धडा एकदा वाचला की तोंडपाठ. पण आकडे तिच्या डोक्यात टिकत नव्हते. सहाच्या जागी नऊ लिहिला जायचा, सातचा पाढा म्हणता म्हणता आठचा सुरू व्हायचा. डावा हात कुठला, हे ठरवायला आधी जेवायचा हात आठवावा लागायचा. गोकुळ तिच्याहून तीन वर्षांनी मोठा आणि वर्गात पहिला. वडिलांनी, सांडूनं, तिला शिकवायचं काम त्याच्यावरच टाकलं. तो तिला ओसरीवर बसवायचा आणि चुकलं की फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचा. "मठ्ठ हायेस तू," म्हणायचा, "दगडाला आलं असतं एवढ्यात." तेव्हा तोही पोरच होता, असं रूपा पुढं स्वतःला समजावून सांगायची.

दहावीला मराठीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले आणि गणितात ती गेली. पुन्हा बसली, पुन्हा गेली. मग सांडूनं फुलंब्रीकडचं एक स्थळ बघून लग्न लावून दिलं.

सासरी पिठाची गिरणी होती. नवऱ्यानं तिला गिरणीवर बसवलं. दळणाचा डबा काट्यावर ठेवायचा आणि वजनाचा आकडा खडूनं डब्यावर टाकायचा, एवढंच काम. रूपा एकवीसचे बारा लिहायची. एकाचा डबा दुसऱ्याच्या घरी जायचा. गिऱ्हाइकं भांडायला लागली. सासूला आधी वाटलं, सून मुद्दाम करते. मग वाटलं, हिच्यातच काही खोट आहे. वर्ष उलटायच्या आत सासरा तिला घेऊन कन्नडला आला आणि चार माणसांत म्हणाला, "पोरगी डोक्यानं कमी हाय. तुम्ही लपवून दिली."

सांडूनं हात जोडले. "चुकलं आमचं," म्हणाला.

रूपा दाराआड उभी होती. बाप आपल्याबद्दल खोटं बोलला, असं तिला वाटलं नाही. तो खरंच बोलला असं वाटलं. पुढं सांडू वारला, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी ते वाटणं तसंच राहिलं.

श्रेयाचं नववीत गणित अडलं तेव्हा मात्र गोकुळनं फूटपट्टी हातात घेतली नाही. तो पोरीला डॉक्टरकडं घेऊन गेला. चाचण्या झाल्या आणि डिस्कॅल्क्युलिया असं नाव मिळालं. बुद्धी चांगली आहे, फक्त आकडे समजायची मेंदूची रीत वेगळी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोकुळ ते वाक्य नातेवाइकांना पाठ म्हणून दाखवायचा. श्रेयाला दहावीला कॅल्क्युलेटर वापरायची सवलत मिळाली, जादा वेळ मिळाला. ती पास झाली. बारावीची परीक्षा दिल्यावर यंदाच्या उन्हाळ्यात त्यानं तिला उस्मानपुऱ्यातल्या एका वर्गात घातलं.

हा वर्ग अशाच मुलामुलींसाठी होता. काही स्वमग्न, काहींचं एका जागी चित्त ठरत नाही, काही श्रेयासारखी. कॉलेजचं वेळापत्रक कसं लावायचं, सिटी बसनं एकट्यानं कसं जायचं, कामावर साहेबाला "मला हे लिहून द्याल का" असं कसं विचारायचं, हे सगळं तिथं शिकवत. चालवणाऱ्या अपेक्षा मॅडम तिशीतल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. श्रेयाला तिथं न्यायचं आणि परत आणायचं काम रूपाकडं आलं. पहिल्याच दिवशी आत्या-भाची दोघी चुकीच्या बसमध्ये बसल्या आणि पार रेल्वे स्टेशनला पोचल्या. श्रेया हसत सुटली. रूपालाही हसू आलं, पण तिनं श्रेयाचा हात घट्ट धरून ठेवला.

वर्ग सुटेपर्यंत ती बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसायची. शेजारी रईसा असायची. तिचा याह्या स्वमग्न होता. त्याला एका दुकानात खोकी भरायला शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं होतं. दुकानदारानं त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले, पेपरात छापून आणले आणि पंधरवड्यात 'उद्यापासून नको' असं कळवलं. रईसा हे सांगताना रडत नव्हती. "फोटो मस्त आया था," एवढंच म्हणाली.

मे महिन्याच्या मध्यावर पालकांची बैठक झाली. गोकुळ रजा टाकून आला. मोनिकाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्यानं रूपाला शेजारी बसवलं. अपेक्षा मॅडम एकेक लक्षण सांगत गेल्या. काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही. आकडे उलटे होतात. डावं-उजवं गोंधळतं. अशी माणसं उशीर होईल या भीतीनं खूप आधी जाऊन बसतात. आपल्यात कमी आहे असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, म्हणून कुणाला काही विचारत नाहीत.

 आपल्या घरातलं या बाईला कुणी सांगितलं, असं रूपाला क्षणभर वाटलं.

"हे बऱ्याचदा घरात पिढ्यान्‌पिढ्या असतं," मॅडम म्हणाल्या. "श्रेयाचे बाबा, तुमच्याकडं अजून कुणाला असा त्रास होता का?"

गोकुळनं शेजारी पाहिलं नाही. चार लोकांत तो शुद्ध बोलायचा, तसाच बोलला. "नाही मॅडम. आमच्या घरात कुणालाच नाही."

बैठक संपल्यावर तो कंपनीत गेला. रूपा बाकावर येऊन बसली. रईसानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काय झालं ते विचारलं. रूपानं तिला गिरणी सांगितली, दहावी सांगितली, आणि आत्ता भाऊ काय बोलला तेही सांगितलं.

"मॅडमला विचार ना तू," रईसा म्हणाली. "विचारायला कुणाची परवानगी लागते?"

विचारायला रूपाला बरेच दिवस लागले. शेवटी एकदा वर्ग सुटल्यावर ती दारात उभी राहिली. अपेक्षा मॅडमनी तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी निवांत तिची चाचणी घेतली. "सरकारी प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही," त्या आधीच म्हणाल्या. "कागद नको मला," रूपा म्हणाली. "नुसतं सांगा."

"ताई, तुम्हाला हे जन्मापासून आहे. श्रेयापेक्षा जास्तच आहे."

"म्हंजी मी मठ्ठ नाय?"

"अजिबात नाही."

हे ऐकल्यावर बरं वाटेल, असं रूपा धरून चालली होती. तसं काही झालं नाही. तिनं विचारलं, "माझ्या वेळंला हे कुणाला माहीत होतं का?"

मॅडम म्हणाल्या, "मुंबईत तेव्हा अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळायला लागल्या होत्या. आपल्याकडं पोचायला वेळ लागला."

तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, असं त्या म्हणाल्या असत्या तर रूपाला घरी जाणं सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी गोकुळ चहा घेत बसला होता. श्रेया मैत्रिणीकडं गेली होती. रूपा समोर येऊन उभी राहिली.

"दादा, मॅडमनी माझी चाचणी घेतली. श्रेयाला जे हाय, तेच मला बी हाय."

गोकुळनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. मोनिका आत होती. "हळू बोल."

"आजवर हळूच बोलले. तू मीटिंगमधी म्हणलास, घरात कुणालाच नाय. का म्हणलास?"

"तुला आता या वयात कुठल्या कॉलेजात जायचंय?"

"कुठंच नाय जायचं. का म्हणलास तेवढं सांग."

त्यानं कप खाली ठेवला. "उद्या पोरीचं लग्न करायचंय. तिचं एकटीचं असलं तर लोक समजून घेतील. पण खानदानात हाय म्हणलं, आत्याला सासरच्यांनी त्याच्यावरूनच आणून सोडलं म्हणलं, तर दारात कोण येईल? डॉक्टरला बी मी हेच सांगितलं होतं."

"कुठल्या डॉक्टरला?"

गोकुळनं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. आपण जास्त बोललो हे त्याला कळलं होतं.

"नववीतच विचारलं होतं त्यानं," तो शेवटी म्हणाला. "घरात कुणाला आहे का म्हणून."

"मग तवाच तुला कळलं."

"कळलं."

"मला का नाय सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं, रूपा? परत नांदायला गेली असतीस का?"

 दारात मोनिका येऊन उभी होती. "म्हणजे हे तुमच्याकडून आलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि तुमच्या आई मला इतकी वर्षं ऐकवत होत्या, पोटुशी असताना तू अमकं खाल्लंस नि तमकं खाल्लंस." रूपाला वाटलं, वहिनी आता आपली बाजू घेईल. मोनिकानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून ती दोघांशीही कामापुरतंच बोलायला लागली, आणि गोकुळच्या लेखी घरातली शांती रूपानं घालवली होती.

वर्गाचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा श्रेया माईकसमोर उभी राहिली. आता ती बसचा रंग आणि थांबे लक्षात ठेवून एकटी उस्मानपुऱ्याला येत-जात होती. तिनं मॅडमचे आभार मानले, मग म्हणाली, "माझ्या पप्पांनी मला एकदाही मठ्ठ म्हटलं नाही. म्हणून मी इथं उभी आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळचे डोळे भरून आले. रूपानंही टाळ्या वाजवल्या. पोरगी खोटं बोलत नव्हती. त्या पोरीला लहानाची मोठी रूपानंच केली होती, आणि तरी त्या घडीला तिला पोरीचा इतका हेवा वाटला की नजर वर करवेना. घरी येताना श्रेयानं विचारलं, "आत्या, कसं बोलले मी?" "चांगलं बोललीस," रूपा म्हणाली. बाकीचं तिनं श्रेयाला कधीच सांगितलं नाही.

जूनमध्ये श्रेयाचं कॉलेज ठरलं. गोकुळ एका सकाळी म्हणाला, "आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तिकडं तिच्याजवळ कुणी नाही. इथं आता तुझं तसं काही अडलेलं नाही." मोनिकानं धुण्याभांड्याला बाई आधीच बघून ठेवली होती. रूपानं दोन पिशव्या भरल्या. श्रेया बसस्टँडपर्यंत आली, गळ्यात पडली, कन्नडच्या गाडीत बसवून गेली.

कन्नडच्या घरात आई, द्वारकाबाई, खाटेवर काळा चष्मा लावून बसलेली असायची. डोळ्यांत दिवसातून काही वेळा थेंब घालायचे होते. रूपा घड्याळ बघत नव्हती. एक थेंब चहाबरोबर, एक शाळेच्या मधल्या सुट्टीच्या घंटेला, एक मशिदीतल्या संध्याकाळच्या अजानला, असं तिनं लावून घेतलं होतं. चुकत नव्हतं. एका दुपारी थेंब घालता घालता तिनं आईला सगळं सांगितलं. आजाराचं नाव द्वारकाबाईला म्हणता येईना, पण बाकीचं तिनं नीट ऐकलं.

"म्हंजी तू मठ्ठ नव्हतीस?"

"नव्हते, माय."

द्वारकाबाईनं चाचपून काळा चष्मा हातात घेतला. मग म्हणाली, "मग तवाच का नाय सांगितलंस? तुझ्या बापाला चार लोकांत हात जोडायची पाळी तरी आली नसती."

रूपानं आईच्या गालावर ओघळलेलं औषध पदरानं टिपलं. बाटलीचं झाकण लावलं आणि ती बाहेर ओट्यावर येऊन बसली. आत द्वारकाबाई अजून सांडूच्या त्या अपमानाबद्दल बोलत होती.