भांगेची गोळी

महाशिवरात्रीला तांड्यावर कोणीतरी भांग वाटत होतं, आणि त्या हिरव्या, उग्र वासासरशी मला माझं पहिलं गरोदरपण आठवलं. चौथा महिना होता. अन्न पोटात टिकत नव्हतं, म्हणून सासूबाई मायेने रोज भांगेची छोटी गोळी देत. मग दोन घास जायचे, झोप लागायची. झरीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी माझं वजन घेतलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, “मळमळीसाठी भांग, गांजा, तंबाखू काही घेतं का? मी सगळ्याइलेच विचारतो.” मी घाबरत खरं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. “बरं झालं सांगतलं. ते बाळापर्यंत जाते, पुढं दुधातूनही जाते. आजपासून बंद कर. उलट्यांची गोळी डॉक्टरसाहेब देतीन.” मग बाहेर बसलेल्या सासूबाईंना आत बोलावून त्यांनाही तेच समजावलं. सासूबाईंना रडू फुटलं. “म्या पोरीले जहर देलं का वं?” नर्सबाईंनी त्यांना आमच्या बोलीत आई म्हटलं: “नाही याडी, तुले तिची भूक पाहवत नव्हती.” मुलगी सुखरूप झाली, आता शाळेत जाते. त्या दिवशी नर्सबाई रागावल्या असत्या, तर मी पुन्हा कुठल्याच दवाखान्यात खरं बोलले नसते.