मोच्याची धार

अमीनाबादच्या त्या मोच्यापुढे बसलं की दर खेपेला जीव मेटाकुटीला येतो बाई! परवा ह्यांच्या बॅगेचा पट्टा तुटला. हे गेल्यापासून तीच बॅग मी वापरते. जोडायला पट्ट्याचं टोक तासून पातळ करायचं, एवढंच काम. पण हा शेजारच्या सुताराच्या दगडावर अर्धा तास चामडं तासायची रापी घासतोय.

"भैया, लकड़ी चीरनी है क्या?" मी करवादले.

"अम्माजी, बग़ल वाले बढ़ई से सीखा है. भोथरा औज़ार ज़ोर माँगता है. आपका चमड़ा बूढ़ा है, ज़ोर नहीं सहेगा."

त्यानं मनगटावरचे केस कापून धार पाहिली, पुन्हा दगड! मग एकाच ओढीत कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. पट्टा कुठे फाटला नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरची बोथट विळी नेली. मेल्यानं तिलाही तासभर लावला!