निम्मा भात

आभाळ सकाळपासून ओल्या गोधडीसारखं खाली लोंबत होतं. धड पाऊस नाही, धड ऊन नाही. मास्तरांनी गॅस पेटवला. तांदूळ निम्मे घेतले, पाणी निम्मं, आणि वीस मिनिटांऐवजी दहा मिनिटांत गॅस बंद केला. पोरं त्यांना पाठीमागे ‘त्रैराशिक’ म्हणत, ते उगाच नव्हे. बायको गेल्यापासून खाणारी तोंडं निम्मी, म्हणजे सगळंच निम्मं. भात दाताखाली कचकचला. रोजच्यासारखा त्यांनी तो गिळला. काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच वाटत नसे.

नववीच्या पोरांना उद्यापासून गणिताऐवजी चित्रकला घ्यायची मुभा होती. मागच्या बाकावरची उंच पोरगी गणित सोडणार, तिच्यामागे अख्खी रांग जाणार, आणि मग वर्गच बंद, हे हेडबाईंनी बजावलं होतं. वर्ग गेला की मास्तरांना घराबाहेर पडायला निमित्त उरणार नव्हतं.

“सर, खरं सांगा,” तास सुरू होताच उंच पोरगी म्हणाली, “हे गणित घरात कुठं लागतं?”

या प्रश्नाला एकेकाळी त्यांच्याकडे पोतंभर उत्तरं असत. आज तोंडून निघालं ते एवढंच, “माझा भात कच्चा राहतो.”

“किती वेळ ठेवता?”

“दोघांचा वीस मिनिटं ठेवायचो. आता दहा.”

पोरगीनं कपाळावर हात मारला. “अहो सर! तांदूळ कमी झाले म्हणून विस्तवाला घाई होते होय?”

“आणि पाणी निम्म्याहून जरा जास्तच घाला,” तिची मैत्रीण म्हणाली. “वाफ जायची तेवढी जातेच.”

“त्रैराशिकाचंच त्रैराशिक चुकलं!” कोणीतरी खालच्या आवाजात म्हणालं आणि वर्ग खिदळला.

मास्तर वळले. फळ्यावर मधोमध रेघ मारून त्यांनी लिहिलं: इकडे ‘निम्मं होतं’, तिकडे ‘होत नाही’.

“साबण?”

“निम्मा!”

“केर काढणं?”

“तेवढंच. घर कुठं लहान झालंय?”

“विजेचं बिल?”

इथं मात्र जुंपली. पंखा एकालाही तेवढाच फिरतो, पण आंघोळीचं पाणी एकाचंच तापतं. उंच पोरगी पुढं आली, मास्तरांच्या हातातला खडू ओढून घेतला आणि पंखा वेगळा, पाणी वेगळं असं मांडत सुटली. घंटा झाली तरी हलेना.

“पुसू नका, सर. उरलेलं उद्या करते.”

“बरं,” मास्तर म्हणाले. आनंद व्हायला हवा, हे त्यांना कळलं, झाला नाही.

घरी येऊन त्यांनी तांदूळ धुतले. निम्मेच. पाणी जरा जास्त घातलं, झाकण ठेवलं, आणि भात शिजतोय तोवर केर काढायला घेतला.