कॉफी येईपर्यंत

देओलिंदाबाई आमच्या तारलीचे डबे भरणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं सेक्रेटरी होत्या. एवढ्या काळात त्यांनी स्वतःहून काही ठरवलं असेल, तर ते टेबलावरच्या कुंडीला पाणी कधी घालायचं, इतकंच. बाकी सगळं कारखान्याचे मुख्य, आमचे इंजिनियरसाहेब ठरवत. पेन्सिली किती मागवायच्या, खिडकी उघडायची की नाही, सगळं. त्यांच्या सहीशिवाय पोर्तुगालातल्या मातोझिन्युश बंदराच्या धक्क्यावर आमची टाचणीसुद्धा हलत नसे.

त्या जुलैत भर दुपारी दीड वाजता बोट आली ती दुप्पट मासळी घेऊन. बोटवाला म्हणाला, "घेणार तर सगळी घ्या. तीनपर्यंत थांबतो, मग पलीकडच्या कारखान्याला देतो." मासळी गेली, तर आमच्या चाळीस बायका आठवडाभर घरी. आणि साहेब? बड्या गिऱ्हाइकाबरोबर जेवायला गेलेले! जेवताना धंद्याचं बोलायचं नाही. ते कॉफी आल्यावर.

"चल रे, व्हॅन काढ," बाई मला म्हणाल्या.

हॉटेलात पोचलो तर सूपच चाललेलं. बाई दाराशी उभ्या. पर्स या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. अडीच वाजले.

"आर्मिंदु, कॉफी कधी रे?" त्यांनी वेटरला गाठलं.

"अजून कॉड मासा यायचाय बाई. मग खरबूज, मग पुडिंग. घाई केली तर मालक माझंच पुडिंग करतील."

"साहेबांच्या कानात सांगा ना," मी म्हटलं.

"वेडा आहेस? पाहुणा नातवाच्या पहिल्या दाताचं सांगतोय!"

दुसरा दात आला तेव्हा पावणेतीन झाले होते. बाई चौथ्यांदा बाहेर जाऊन आल्या, घड्याळाकडे बघितलं आणि तडक गल्ल्यावरचा फोन उचलून कारखान्यात लावला. "फिलोमेना? साहेब म्हणतात, सगळी घ्या... हो गं, साहेबच!" फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "तू काही ऐकलंस?"

"कुठं काय?"

"शहाणा आहेस."

पण आता पर्स दुप्पट वेगानं फिरू लागली. नोकरी जायची भीती मासळीच्या वासासारखी, जाता जात नाही.

सव्वातीनला कॉफी आली. साहेबांनी बोटानं बाईंना जवळ बोलावलं. "काय देओलिंदा?"

"दुप्पट मासळी आली होती साहेब. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळी घेतली."

कपातला चमचा थांबला. "मी सांगितल्याप्रमाणे?"

"हो साहेब."

पाहुणा खूश! "वा, तावारेस! जेवता जेवता कारखाना चालवता?"

चमचा पुन्हा फिरू लागला. साखर घातलीच नव्हती. "चालवावा लागतो हो," साहेब म्हणाले. "मी नसलो तर तिथे कुणी काही ठरवत नाही."

परतताना व्हॅनमध्येही पर्स फिरतच होती. बाई रात्रभर झोपल्याही नसाव्यात. सकाळी टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती: 'यापुढे खिडकी उघडायची की नाही, ते तुम्ही ठरवावं.' खाली सही आणि शिक्का.

त्या दिवशी बाईंनी ती खिडकी सतरा वेळा उघडली आणि सतरा वेळा लावली.