निरोप न घेता उठले तेव्हा

बाबा गेले तेव्हा मी योकोहामात होते. धावतपळत पुण्याला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यापर्यंतचे दिवस आल्यागेल्याचं बघण्यात आणि कागदपत्रं शोधण्यात गेले. रडायला सवडच झाली नाही. परतले ती थेट सोमवारच्या मीटिंगला. ऑफिसात सगळे हळू आवाजात दोन शब्द बोलले आणि आपापल्या स्क्रीनकडे वळले. नवरा म्हणायचा, "बोल गं काहीतरी." मी त्याच्यावरच खेकसायचे. असे चार महिने गेले. आपल्याला बाबांचं दुःख झालंच नाही की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

वॉर्ड ऑफिसात पत्ता बदलायला गेले, तिथे एक पत्रक दिसलं. जवळचं माणूस गमावलेल्यांची बैठक, महिन्यातून एका शनिवारी दुपारी, स्टेशनजवळच्या हॉलमध्ये. मला असल्या गोष्टींचा तिटकारा. अनोळखी लोकांसमोर गळे काय काढायचे! तरी गेले.

सात-आठ जण होते, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. बार्लीचा गार चहा होता. कुणी बोलत होतं, कुणी नुसतं बसलं होतं. बोलाच, असा आग्रह नव्हता. माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्सुनामीनंतर उत्तरेकडचा किनारा सोडून इथे लेकीजवळ राहायला आलेल्या. मी दोन तास तोंड उघडलं नाही. बैठक संपल्यावर सगळे वाकून एकमेकांना "पुन्हा भेटू" म्हणू लागले. मी पर्स उचलली आणि मुकाट्याने चालू पडले. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, हे आईने लहानपणीच डोक्यात पक्कं बसवलेलं. इथे तर खोलीभर दुखवटा. माझी जीभ काही रेटेना.

दोन दिवसांनी बैठक चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. "आमचं काही चुकलं का? तुम्ही न बोलताच गेलात. शेजारच्या आजींना फार लागलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम लवकर गेले आणि आजींची माफी मागितली. "आमच्याकडे अशा वेळी 'येते' म्हणत नाहीत. पुन्हा त्याच कारणासाठी यावं लागू नये म्हणून."

आजींनी मान हलवली. "आमच्याकडे घरातून निघणारा माणूस 'जाऊन येतो' म्हणतोच. त्सुनामी आली त्या दिवशी सकाळी बंदरावर निघताना आमचे हेही तसंच म्हणाले. मी भांडी घासत होते. 'या जाऊन' म्हणायचं राहिलं." मग थोडं हसून म्हणाल्या, "दर महिन्याला मी हेच सांगते. सगळ्यांना पाठ झालंय. तरी बिचारे ऐकतात. तुमचे वडील शेवटचं काय बोलले होते?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही. आणि कुणी विचारू नये म्हणून मीच सगळ्यांवर खेकसत होते, हे तेव्हा कळलं.

"फोन आला होता," मी म्हटलं. "मी कामात होते. म्हटलं, बाबा, नंतर करते. तर म्हणाले, 'कर गं सावकाश. मी कुठे जातोय.'"

शेवटचं वाक्य जपानीत सांगता सांगता मला हुंदका फुटला. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. आजी खुर्ची जवळ ओढून बसून राहिल्या, आणि 'गप्प हो' असं त्या हॉलमध्ये मला कुणीही म्हणालं नाही.