आबांनी खंड्याला लावलेली शिस्त

आज सांगलीच्या फ्लॅटमध्ये फिनेलचा वास आला आणि इस्लामपूरचं आमचं अंगण आठवलं.

फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, अर्धांगवायूनंतर खाट सोडायलाच तयार नव्हते. आम्ही विनवण्या करून थकलो. त्यात भावानं खंड्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू आणलं. ते दिसेल तिथं मुतायचं आणि आई फिनेलनं पुसून पुसून वैतागायची.

"आता परत घाण केली तर मळ्यावर सोडणार बगा," एका सकाळी ती म्हणाली.

थोड्या वेळानं खंड्या जमीन हुंगत गोल फिरू लागला. मी धावणार, तोच आबा जड जिभेनं गरजले, "थांब गं! मी नेतो त्येला."

काठी टेकत, डावा पाय फरफटत ते निघाले. घामानं भिजले, तरी माझा हात त्यांनी झटकला. खंड्या अंगणात पेरूखाली मुतायला बसला.

"शाब्बास! रोज हितंच यायचं!" आबा त्याला म्हणाले.

मी पिल्लाचंच कौतुक करत होते. आई मात्र दारात उभी राहून आबांकडं बघत रडत होती. तिचं रडणं मला आज कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंड्या अजून झोपलेलाच होता आणि आबा त्याला उठवत होते, "ऊठ रं गड्या, बाहेर जायाचंय."